सैन्याधिकाऱ्याचें शिक्षण : खर्च कोणाचा, ऋण कोणाचें?

‘शिष्यवृत्ति’ हा शब्द मराठी घरांत मोठ्या आदरानें उच्चारला जातो. शाळेंतल्या परीक्षेंत मुलाला शिष्यवृत्ति मिळाली, म्हणजे तिची रक्कम कितीही अल्प असो, शेजारींपाजारीं पेढे वाटले जातात. त्या पेढ्यांत रकमेचा आनंद थोडा आणि मानाचा आनंद फार असतो. मुलाची बुद्धि पाहून सरकारनें अथवा एखाद्या दात्यानें त्याच्या शिक्षणाचा भार उचलला, आणि उलट कांहीं मागितलें नाहीं, असा त्या मानाचा अर्थ होय. परंतु शिष्यवृत्तीचा आणखी एक प्रकार जगांत आहे. त्यांत शिक्षण देणारा आरंभींच बजावतो कीं, खर्च आमचा, पण फेड तुमची. आणि ती फेड पैशांत मोजावयाची नसून आयुष्यांतील वर्षांत मोजावयाची आहे. सैन्यांत अधिकारी होऊं इच्छिणाऱ्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांस जें साहाय्य मिळतें तें या दुसऱ्या प्रकारचें आहे. तें कोठें मिळतें, कोणास मिळतें आणि त्याचें मोल काय, याची स्पष्ट कल्पना नसल्यामुळें पुष्कळ गुणी मुलें त्या वाटेस जातच नाहींत. आणि कांहीं मुलें डोळे झांकून जातात. दोन्ही गोष्टी सारख्याच अनिष्ट आहेत.

हा प्रश्न कळव्यासारख्या ठिकाणीं कसा उभा राहतो तें पाहण्यासारखें आहे. ठाण्याहून आगगाडी निघाली आणि तिनें खाडी ओलांडली कीं कळवें येतें. एका अंगास खाडी, दुसऱ्या अंगास पारसिकचा डोंगर, आणि दोहोंच्या मध्यें दाटलेली वस्ती. खारेगांव, विटावा या जुन्या गांवांची बरीचशी शेती इमारतींखालीं गेली. मफतलालची कंपनी १९८९ सालीं बंद पडली आणि तिच्यावर पोसलेलीं घरें दुसऱ्या उद्योगांच्या शोधांत पांगलीं. अशा एखाद्या घराचें चित्र डोळ्यांपुढें आणावें. आजोबा त्या कंपनींत होते. वडील ठाण्यास एका दुकानांत हिशेब लिहितात. आई घरीं डबे करून देते. मोठा मुलगा ठाण्याच्या महाविद्यालयांत वाणिज्य शाखेच्या पहिल्या वर्षांत आहे आणि धाकटी मुलगी दहावींत आहे. मुलगा एके दिवशीं घरीं येऊन सांगतो कीं, त्यानें राष्ट्रीय छात्रसेनेंत, म्हणजे जिला सर्वजण एन्. सी. सी. म्हणतात तींत, नांव घातलें आहे आणि पुढें सैन्यांत अधिकारी व्हावयाचें त्याच्या मनांत आहे. वडील विचारतात, “त्याला खर्च किती येईल?” आई विचारते, “परत केव्हां येशील?” सारा विषय या दोन प्रश्नांत सामावलेला आहे. पहिल्याचें उत्तर दिलें आणि दुसऱ्याचें टाळलें, तर तें उत्तर अपुरें होय.

मुलाच्या मनांत या वेळीं बहुधा अमेरिकेंतील एका योजनेची ऐकीव माहिती असते. त्या देशांत १९१६ च्या कायद्यानें महाविद्यालयांतून राखीव अधिकाऱ्यांचीं शिक्षणपथकें स्थापन झालीं आणि १९६४ च्या कायद्यानें त्यांस मोठ्या प्रमाणावर शिष्यवृत्त्यांची जोड मिळाली. निवडलेल्या विद्यार्थ्याची महाविद्यालयाची फी सरकार भरतें, पुस्तकांसाठीं व हातखर्चासाठीं कांहीं रक्कम देतें. विद्यार्थी आपल्या नेहमींच्या विषयांबरोबर लष्करी विषय शिकतो, कवाईत करतो, आणि पदवी हातीं येतांच अधिकारी होऊन ठरलेलीं वर्षें नोकरी करतो. जमेकाहून आलेल्या सामान्य स्थितींतील आईबापांचा मुलगा कॉलिन पॉवेल हा न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजांतील अशाच पथकांतून १९५८ सालीं अधिकारी झाला, आणि १९८९ सालीं त्या देशाच्या तिन्ही दलांच्या सेनाप्रमुखांच्या मंडळाचा अध्यक्ष झाला.

हें ऐकून आपल्याकडेहि असेंच असेल, असा कळव्याच्या मुलाचा समज होतो. पहिली गल्लत ती येथेंच. भारतांतील छात्रसेना विद्यार्थ्यास गणवेश देते, कवाईत आणि नेमबाजी शिकविते, शिबिरास नेते. परंतु त्याच्या महाविद्यालयाची फी भरण्याची ती योजना नव्हे. तिच्यांत नांव घातल्यानें पुढें सैन्यांत गेलेंच पाहिजे असें बंधनहि पडत नाहीं. आपल्याकडे सरकार अधिकाऱ्याच्या शिक्षणाचा भार उचलतें, तो सामान्यतः लष्करी प्रबोधिनीच्या उंबरठ्याच्या आंत. उंबरठ्यापर्यंतची वाट विद्यार्थ्यानें स्वतः चालावयाची असते. हा भेद एकदां ध्यानांत आला म्हणजे पुढील सर्व माहिती आपोआप जागच्या जागीं बसते.

पूर्वींची स्थिति पाहिली म्हणजे आजच्या सोयीचें मोल कळतें. १९१८ सालीं ब्रिटिश सरकारनें इंग्लंडांतील सँडहर्स्टच्या लष्करी विद्यालयांत हिंदी तरुणांसाठीं दरसाल दहा जागा ठेविल्या. त्या परदेशच्या शिक्षणाचा खर्च संस्थानिकांस व श्रीमंत घराण्यांसच झेपावा असा होता. १ ऑक्टोबर १९३२ रोजीं डेहराडून येथें इंडियन मिलिटरी ॲकॅडेमी उघडली आणि पहिल्या तुकडींत चाळीस तरुण दाखल झाले. पुढें फील्ड मार्शल झालेले सॅम माणेकशा त्यांच्यांतच होते. या ॲकॅडेमीचा आराखडा ठरविणाऱ्या समितींत नागपूरचे डॉ. बाळकृष्ण शिवराम मुंजे हे होते. लष्करी शिक्षणाचा पाया शालेय वयांतच घातला पाहिजे, या मतानें त्यांनीं १९३७ सालीं नाशिक येथें भोंसला मिलिटरी स्कूल सुरू केलें. महाविद्यालयांपुरतें पाहिलें तर १९२० च्या कायद्यानें विद्यापीठांतून शिक्षणपथकें निघालीं, आणि १९४२ सालीं त्यांस अधिकारी-शिक्षणाचें स्वरूप देण्यांत आलें. १९४६ सालीं पंडित हृदयनाथ कुंझरू यांच्या अध्यक्षतेखालीं एक समिति बसली. तिच्या शिफारशींवरून १९४८ च्या कायद्यानें राष्ट्रीय छात्रसेना जन्मास आली. १९६२ च्या चिनी युद्धानंतर, १९६३ सालीं, ती महाविद्यालयांत सक्तीची झाली आणि १९६८ सालीं पुन्हां ऐच्छिक झाली. आज ऐंशीच्या घरांत असलेल्या एखाद्या पदवीधर गृहस्थास विचारलें, तर सक्तीच्या त्या दिवसांतील पहांटेची कवाईत, जाड कापडाचा तो गणवेश आणि चकचकीत करावे लागणारे बूट यांची आठवण तो हटकून सांगेल. सक्ती गेली, संधि मात्र राहिली.

ही संधि आज कोणत्या दारांनीं येते, तें आतां क्रमानें पाहावें.

पहिलें दार खडकवासल्याचें. तेथील राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची कोनशिला पंडित नेहरूंनीं ६ ऑक्टोबर १९४९ रोजीं बसविली आणि १६ जानेवारी १९५५ रोजीं तिचें उद्घाटन झालें. बारावीनंतर संघ लोकसेवा आयोगाची परीक्षा आणि सेवा निवड मंडळाची मुलाखत यांतून तेथें प्रवेश होतो. तीन वर्षांचें शिक्षण, राहणें, जेवण, पुस्तकें, गणवेश आणि औषधोपचार हें सर्व सरकारच्या खर्चानें होतें, आणि शेवटीं दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठाची पदवीहि मिळते. पालकांवर हातखर्चाचा आणि कांहीं किरकोळ खाजगी खर्चाचा भार राहतो. तोहि ज्यांस झेपत नाहीं, अशा ठराविक मर्यादेखालील उत्पन्नाच्या पालकांस सरकारकडून साहाय्य मिळूं शकतें. त्यासाठीं मुलाची अंतिम निवड होतांच पालकानें आपल्या जिल्हाधिकाऱ्यामार्फत अर्ज करावयाचा असतो. म्हणजे कळव्याच्या पालकाचा अर्ज ठाण्याच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो आणि त्यांच्या शिफारशीनें खडकवासल्यास पोहोंचतो. खडकवासल्याच्या विद्यार्थ्यांसाठीं कांहीं नांवाच्या शिष्यवृत्त्याहि आहेत. त्यांपैकीं एक परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या नांवाची आहे, आणि एक कर्नल केंडल फ्रँक यांच्या स्मरणार्थ, माजी सैनिकाच्या मराठा पुत्रास देण्याची आहे. त्यांच्या रकमा लहान आहेत. पण त्यांच्या मागें रणांगणाची आठवण आहे, म्हणून त्यांचा मान मोठा.

या पहिल्या दारापर्यंत मुलांस नेऊन सोडण्यासाठीं महाराष्ट्र शासनानें १९७७ सालीं औरंगाबाद येथें, म्हणजे आतांच्या छत्रपति संभाजीनगरांत, सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था काढली. दहावीनंतर निवड झालेलीं मुलें तेथें दोन वर्षें राहून अकरावी-बारावीचा अभ्यास आणि प्रबोधिनीच्या परीक्षेची तयारी करतात. खडकवासल्याचीं दारें १९२२ सालीं नव्हे, १९६२ सालीं नव्हे, तर २०२२ सालीं मुलींस उघडलीं. आणि ३० मे २०२५ रोजीं पहिल्या १७ मुली तेथील शिक्षण पुरें करून मुलांच्या बरोबरीनें संचलनांत चालल्या. शासनानें २०२३ सालीं नाशिक येथें मुलींसाठींहि तशीच संस्था उघडली होती. कळव्याच्या त्या घरांत या दाराचा विचार मोठ्या मुलासाठीं करण्याची वेळ बहुधा टळली आहे. परंतु दहावींत असलेल्या धाकट्या मुलीसाठीं ती नुकतीच आली आहे, आणि ही गोष्ट घरांतील कोणाच्याच ध्यानांत आलेली नसते.

दुसरें दार छात्रसेनेचें. महाविद्यालयांत छात्रसेनेच्या वरिष्ठ विभागांत ठरलेलीं वर्षें काढून, शिबिरें करून, ‘सी’ प्रमाणपत्राची परीक्षा निदान ‘बी’ श्रेणींत उत्तीर्ण झालेला आणि पदवीस शेंकडा पन्नास गुण असलेला अविवाहित तरुण किंवा तरुणी लेखी परीक्षा न देतां भूदलाच्या निवडीसाठीं अर्ज करूं शकते. वयाची मर्यादा १९ ते २५ वर्षांची आहे. अर्ज छाननींत टिकला तर सेवा निवड मंडळापुढें पांच दिवसांची कसोटी होते. पहिल्याच दिवशीं चाळणी लागते आणि तींत पुष्कळजण परत फिरतात. उरलेल्यांची मानसशास्त्रीय परीक्षा, मैदानावर गटानें करावयाचीं कामें आणि मुलाखत होते. येथें पाठ केलेलीं उत्तरें फारशीं उपयोगीं पडत नाहींत. चार अनोळखी मुलांबरोबर एक लांकडी फळी आणि एक दोर घेऊन अडथळा ओलांडावयाचा असतां कोण ओरडतो, कोण रुसतो आणि कोण दुसऱ्याचें ऐकून मार्ग काढतो, हें तेथें पाहिलें जातें. छात्रसेनेंत तीन वर्षें मन लावून काम केलेल्या मुलास ही कसोटी परकी वाटत नाहीं. त्या तीन वर्षांचें खरें वेतन तेंच होय.

तिसरें दार पदवीधरांच्या परीक्षेचें. संघ लोकसेवा आयोग ही परीक्षा वर्षांतून दोनदां घेतो, आणि तींतून डेहराडून, केरळांतील एळिमला, हैदराबाद व चेन्नई येथील प्रबोधिन्यांसाठीं उमेदवार निवडले जातात. परीक्षेची फी दोनशें रुपये. मुलींस आणि अनुसूचित जाति-जमातींच्या उमेदवारांस तीहि माफ आहे. या परीक्षेसाठीं महाराष्ट्र शासनाचें छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्र नाशिकरोड येथें आहे. राज्यांतील निवडलेल्या उमेदवारांस तेथें शिक्षण, निवास आणि भोजन हें तिन्ही विनामूल्य मिळतें. लेखी परीक्षा उत्तीर्ण झालेल्यांसाठीं, तसेंच छात्रसेनेचें ‘सी’ प्रमाणपत्र मिळवून शिफारस झालेल्यांसाठीं, निवड मंडळाच्या कसोटीची तयारी करून घेणारा निराळा अल्प मुदतीचा वर्गहि तेथें चालतो. या केंद्राची वाट ठाण्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयांतून जाते. कळव्याहून ठाणें एका स्टेशनाचें अंतर! तरीहि या कार्यालयाचें नांव न ऐकतां मुलें खाजगी वर्गांच्या जाहिराती वाचून मोठमोठ्या रकमा भरतात. आणि त्या रकमेसाठीं एखाद्या आईची पाटली गहाण पडते. सर्वच खाजगी वर्ग वाईट असतात असें नव्हे. परंतु फुकट मिळणारें चांगलें शिक्षण कोठें आहे हें आधीं न पाहतां विकतचें घेणें, हा व्यवहार शहाणपणाचा नाहीं.

यांखेरीज शास्त्र शाखेच्या बारावीनंतर अभियांत्रिकीची पदवी सरकारी खर्चानें देऊन अधिकारी करण्याच्या योजना भूदलाच्या व नौदलाच्या आहेत. पुण्याचें सशस्त्र दलांचें वैद्यकीय महाविद्यालय तर सर्वांस ठाऊक आहे. संस्था म्हणून तें १९४८ सालचें आहे. १९६२ पासून तेथें वैद्यकीय पदवीचा अभ्यासक्रम चालतो. तेथें डॉक्टरीचें शिक्षण सरकारच्या खर्चानें होतें आणि त्याबद्दल सैन्यांत सेवा करण्याचा करार लिहून द्यावा लागतो. अमेरिकेंतील योजनेशीं सर्वांत जवळचें नातें सांगणारें उदाहरण आपल्याकडे हेंच म्हणतां येईल.

आतां वडिलांच्या प्रश्नाचें उत्तर आंकड्यांत मांडतां येतें. मुलगा छात्रसेनेच्या दारानें गेला असें धरावें. निवड मंडळाच्या ठिकाणीं जाण्यायेण्याचें रेल्वेभाडें त्या प्रकारच्या सेवेसाठीं पहिल्याच वेळीं जाणाऱ्यास सरकारकडून परत मिळतें. निवड झाली कीं चेन्नईच्या ऑफिसर्स ट्रेनिंग ॲकॅडेमींत, जी १९६३ सालीं सुरू झाली, ४९ आठवड्यांचें शिक्षण असतें. त्या काळांत दरमहा ५६,१०० रुपये विद्यावेतन ठरलेलें आहे. अकरा महिन्यांचा हिशेब केला तर ही रक्कम ६,१७,१०० रुपये होते. तींतून विमा वगैरेंची वजावट होते. तरीहि शिकत असतांच मुलगा घरीं कांहीं पाठवूं शकतो. थोडक्यांत, ज्या घरास असें वाटत होतें कीं हा श्रीमंतांचा मार्ग आहे, त्या घरास खर्चाची भीति बाळगण्याचें कारण उरत नाहीं. खर्च येतो तो पदवीच्या तीन वर्षांचा, आणि तो मुलानें कोणताहि मार्ग धरला तरी यावयाचाच असतो.

येथपर्यंतचा हिशेब गोड आहे. परंतु जमेची बाजू वाचून वही मिटणारा हिशेबनीस कामाचा नव्हे, हें त्या वडिलांहून अधिक कोणास ठाऊक असणार? म्हणून खर्चाची बाजूहि वाचली पाहिजे.

पहिली नोंद वर्षांची. चेन्नईच्या मार्गानें मिळणारें कमिशन अल्पमुदतीचें असतें. मुदत दहा वर्षांची. ती आणखी चार वर्षें वाढूं शकते. दहा वर्षांनंतर कायम सेवेची संधि असते, पण ती सर्वांसच मिळते असें नाहीं. चोविसाव्या वर्षीं अधिकारी झालेला तरुण चौतिसाव्या किंवा अडतिसाव्या वर्षीं गणवेश उतरवून पुन्हां नागरी जीवनांत येतो, तेव्हां त्यास उपदानाची रक्कम मिळते. निवृत्तिवेतन मिळत नाहीं. दुसरा व्यवसाय नव्यानें उभा करण्याची तयारी त्यानें पहिल्या दिवसापासून मनांत ठेवावी. डेहराडूनच्या मार्गानें मिळणारें कमिशन कायम असतें. तेथें निवृत्तिवेतन आहे, पण त्यासाठीं वीस वर्षें द्यावीं लागतात.

दुसरी नोंद कराराची. खडकवासल्यास जाणाऱ्या मुलाच्या पालकास एक करारनामा लिहून द्यावा लागतो. मुलानें आपल्या ताब्यांतील कारणासाठीं शिक्षण अर्ध्यावर सोडलें, अथवा शिक्षण पुरें करून कमिशन नाकारलें, तर झालेला खर्च भरून देण्याची जबाबदारी त्या करारानें पालकावर येते. इतर प्रबोधिन्यांतहि मर्जीनें सोडून जाणाऱ्याकडून खर्चाची वसुली होते. म्हणून सही करणाऱ्या आईबापांनीं कागद वाचून सही करावी. आणि मुलानेंहि हें समजून असावें कीं त्याच्या निश्चयावर दुसऱ्याची सही आहे. लहरीखातर धरलेल्या आणि लहरीखातर सोडलेल्या वाटेचें भाडें अशा वेळीं वडिलांच्या तुटपुंज्या पगारांतून जातें.

तिसरी नोंद सर्वांत अवघड आहे, आणि ती लपवून ठेवणें हा अप्रामाणिकपणा होईल. प्रबोधिनींतील शिक्षण कठोर असतें आणि त्यांत क्वचित् अपघात होतो. शिक्षण चालू असतां जायबंदी होऊन ज्यास घरीं पाठवावें लागतें, तो अद्यापि अधिकारी झालेला नसतो. यामुळें कमिशन मिळालेल्या जखमी अधिकाऱ्याचे हक्क त्यास लागू होत नाहींत. त्यास मिळणारें मासिक अनुग्रह-साहाय्य मर्यादित असतें. अशा मुलांची परवड वर्तमानपत्रांतून पुढें आल्यावर २०२५ च्या ऑगस्टमध्यें सर्वोच्च न्यायालयानें आपण होऊन या प्रश्नाची दखल घेतली, आणि त्याच महिन्यांत सरकारनें या मुलांस माजी सैनिकांच्या आरोग्य-योजनेचा लाभ देण्याचें ठरविलें. पाऊल योग्य दिशेनें पडलें आहे. परंतु देशानें ज्याचें शिक्षण आपल्या खर्चानें आरंभिलें, त्याचें शरीर त्याच शिक्षणांत मोडलें तर त्याचा भार देशानें पूर्णपणें वाहिला पाहिजे, ही मागणी कोणाहि न्यायी माणसास मान्य व्हावी. ऋण एकाच बाजूचें नसतें. विद्यार्थी वर्षें देण्याचें वचन देतो; तें वचन घेणाऱ्यावरहि त्या क्षणापासून एक ऋण चढतें.

या तीन नोंदी वाचल्यावर कोणी म्हणेल, मग हा मार्ग सोडूनच द्यावा. तसें नाहीं. ज्या मुलास मैदानाची आवड आहे, ज्यास दहा माणसांत उभें राहून जबाबदारी घेण्याचा कंटाळा येत नाहीं, ज्यास आपल्या गांवापलीकडचा देश पाहावयाचा आहे, त्यास याहून मानाचा व्यवसाय क्वचितच सांपडेल. मात्र त्यानें चार गोष्टी पाळाव्या. पदवीचा अभ्यास केव्हांहि मागें पडूं देऊं नये; निवड होणाऱ्यांच्या जागा फार थोड्या असतात, आणि निवड न झाली तर पदवी हाच त्याचा आधार आहे. छात्रसेनेची कवाईत प्रमाणपत्रापुरती करूं नये. तीन वर्षांच्या खऱ्या कवाईतीची सर तीन आठवड्यांच्या घोकंपट्टीस येत नाहीं. अटी आणि मुदती बदलत असतात, म्हणून कोणाच्या तोंडची माहिती प्रमाण न मानतां दर वेळीं मूळ सरकारी सूचनापत्र स्वतः वाचावें. आणि निवड करून देण्याचें आमिष दाखवून जो कोणी पैसे मागेल, त्यास दारांतूनच निरोप द्यावा; या निवडींत विकत घेण्याजोगें कांहींहि नाहीं.

निवड न झालेल्या मुलांविषयींहि एक शब्द बोलणें अवश्य आहे, कारण संख्येनें तींच अधिक असतात. छात्रसेनेंत तीन वर्षें काढून निवड मंडळापुढून परत आलेला मुलगा कळव्याच्या स्टेशनावर उतरतो तेव्हां त्याची मान खालीं असते. ती तशी असण्याचें कारण नाहीं. तो वेळेवर उठावयास शिकला आहे, दुसऱ्याच्या हाताखालीं आणि दुसऱ्यास हाताखालीं घेऊन काम करावयास शिकला आहे. पावसाळ्यांत खाडीचें पाणी वस्तींत शिरलें म्हणजे काय करावें हें चाळींतील इतर मुलांपेक्षां त्यास अधिक कळतें. वय आहे तोंवर पुन्हां बसण्याची सोयहि आहे. त्याच्यावर कोणतें ऋण चढलेलें नसतें, कारण छात्रसेना फेड मागत नाहीं. खऱ्या अर्थानें शिष्यवृत्ति म्हणावी अशी कांहीं वस्तु या सर्व व्यवहारांत असेल, तर ती हीच तीन वर्षें होत.

त्या घरांतील वडिलांस त्यांच्या प्रश्नाचें उत्तर मिळालें आहे: खर्च फारसा येत नाहीं, पण सही विचारपूर्वक करावी लागते. आईच्या प्रश्नाचें उत्तर मात्र मुलानें स्वतःच द्यावयास हवें, आणि तें प्रामाणिकपणें द्यावें. अधिकाऱ्यास वर्षांतून दोन महिन्यांची वार्षिक रजा असते. ती केव्हां मिळेल हें सीमेवरची स्थिति ठरविते. गणपतीस येईनच, असें वचन त्यानें देऊं नये. “रजा मिळेल तेव्हां येईन, आणि कायमचा येण्यास निदान दहा वर्षें लागतील,” एवढेंच त्यानें सांगावें. हें वाक्य आईच्या डोळ्यांकडे पाहून जो मुलगा बोलूं शकतो, आणि तें ऐकून जी आई डब्यांची चळत बाजूस ठेवून त्याच्या अर्जाचा कागद वाचावयास मागते, त्या घरानें या शिष्यवृत्तीचें मोल ओळखलें असें समजावें. मग त्या मुलानें पहांटेच्या कवाईतीस खुशाल जावें. आणि जातांना धाकट्या बहिणीसहि हांक मारावी, कारण तिच्यासाठीं नाशिकचें दार उघडलेलें आहे.